पाच कप्प्यांचा डबा, लग्नपत्रिकांची कार्डं आणि एम.ए. इंग्रजी: बरेच महिने वापरल्यानंतर

मी एम.ए. इंग्रजी आणि नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणारी पात्रता परीक्षा, या दोन्हींची तयारी करतेय. आधी मी पाठांतरासाठीच्या प्रश्नोत्तरांच्या कार्डांच्या एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली होती. नाव लिहीत नाही. वर्ष संपलं, पुढचे पैसे भरले नाहीत, आणि मी स्वतः टाइप केलेली सगळी कार्डं कुलपात गेली. नवीन करता येत नाहीत हे समजू शकते, पण जुनी वाचताही येईनात! तक्रार केली की 'प्रिय ग्राहक'ने सुरू होणारं तेच उत्तर. चॉसरपासून रश्दीपर्यंत मजुरी माझी, आणि ती बघायचं भाडंही मीच द्यायचं. त्या संतापात मी कागदावर आले.

पुतण्या म्हणाला, "काकू, अँकी घे ना, फुकट आहे." कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर हे कार्डांचं ॲप खरंच फुकट आहे, आणि ज्यांना जमतं त्यांनी जरूर वापरावं. मला नाही जमत. फोन हातात आला की सोसायटीच्या ग्रुपवर पाणी कधी येणार यावर चर्चा चालू असते, आणि वर्ड्सवर्थ राहतो बाजूला.

पाच कप्प्यांची पद्धत बहुतेकांना माहीत असेल. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा महिन्याने. सेबास्टियन लाइटनर या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पत्रकाराने ती 1970च्या दशकात लोकप्रिय केली. माझा डबा मिठाईचा आहे, कप्पे पुठ्ठ्याचे. खर्च शून्य.

आता कागद. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कुणीच लिहीत नाही. रावपुऱ्याच्या बाजारात तयार कोऱ्या कार्डांचा भाव विचारला आणि तशीच घरी आले. घरात लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला असतो. आमच्या वडोदऱ्यात मराठी नातेवाइकांच्या पत्रिका येतात त्या येतातच, वर गुजराती शेजाऱ्यांच्या कंकोत्र्या, एकेक म्हणजे पाच-सहा पानांचं पुस्तकच. मागची बाजू कोरी, कागद जाड. झेरॉक्सवाल्याकडे कटर असतो, तो ओळखीवर कापून देतो.

पण चकचकीत कागद घेऊ नका. जेल पेनची शाई त्यावर वाळत नाही, अंगठ्याला लागते आणि 'मिल्टन' पुसून 'मिल' उरतं. बॉलपेन चालतं, पण दाबून लिहावं लागतं. सोनेरी छपाईची पत्रिका तर अजिबातच नको, दिव्याखाली डोळ्यांवर चमकते. सगळ्यात उत्तम तो खरखरीत, हातकागदासारखा, ज्यावर हल्ली साखरपुड्याची आमंत्रणं येतात. मॅट कागद दुसऱ्या नंबरवर. सासूबाईंची एकच अट होती: गणपती कापायचा नाही. म्हणून त्या स्वतः कात्री घेऊन आधी गणपती अलगद सोडवून घेतात, देवघराच्या खणात ठेवतात, आणि उरलेला तुकडा मला देतात. त्यामुळे माझी बरीच कार्डं बोटभर अरुंद आहेत. ही अरुंद कार्डंच सगळ्यात चांगली पाठ होतात, कारण त्यांवर एकच प्रश्न मावतो. मोठ्या कार्डावर आपण निबंध लिहितो आणि मग तो नुसता वाचत बसतो.

वाचत बसणं आणि आठवणं यातला फरक हाच या डब्याचा सगळा नफा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. आपण गाइड तीनदा रंगवून 'झालं' म्हणतो ते त्या पाच मिनिटांच्या भरवशावर.

नेटसाठी डबा कसा चालला? सुरुवातीला झकास. दोन्ही पेपर मिळून 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मी सालांची कार्डं केली: 'लिरिकल बॅलड्स' हा कवितासंग्रह 1798, त्याची प्रस्तावना मात्र 1800च्या दुसऱ्या आवृत्तीत. मिल्टनचं महाकाव्य 'पॅराडाइज लॉस्ट' 1667 ला दहा सर्गांचं, 1674 ला बारा. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

नंतर जुने पेपर सोडवायला घेतले आणि मत बदललं. तिथे नुसतं साल क्वचित विचारतात. चार कृती देतात आणि क्रम लावा म्हणतात, नाहीतर जोड्या लावा. माझ्या डोक्यात साल सुटं होतं, शेजारी कोण ते ठाऊक नव्हतं. म्हणून कार्डं नव्याने केली. आता एका कार्डावर तीन-चार नावं असतात आणि आधी कोण, नंतर कोण एवढंच विचारलेलं असतं. रिचर्डसनची 'पामेला' आणि फील्डिंगची 'टॉम जोन्स' यांत आधी कुठली? ('पामेला', 1740. 'टॉम जोन्स' 1749.) 1922 ला एक वेगळं कार्डच दिलंय, कारण 'युलिसिस', 'द वेस्ट लँड' आणि व्हर्जिनिया वूल्फची 'जेकब्ज रूम' एकाच वर्षी येऊन बसल्यात. आणि इंग्लंडच्या इतिहासातल्या चार खुंट्या ठोकून ठेवल्या: 1603 एलिझाबेथचा मृत्यू, 1642 नाटकगृहं बंद, 1660 राजेशाही परत, 1837 व्हिक्टोरिया. बाकीचं त्यांच्या मागेपुढे टांगायचं.

नवरात्रात डबा तुंबला. वडोदऱ्यात त्या नऊ रात्री अभ्यास करणारा माणूस मला अजून भेटायचाय. दसऱ्यानंतर उघडला तर सगळ्या कप्प्यांची पाळी एकदमच आलेली. या पद्धतीचा हा खरा दोष, आणि स्तुती करणारे तो सांगत नाहीत. चार दिवस सोडलं की डबा तगादा लावतो. माझा तोडगा असा: थकबाकी फिटेपर्यंत नवीन कार्ड एकही करायचं नाही, फक्त पहिले दोन कप्पे, बाकीचे पुढच्या आठवड्यावर.

एम.ए.च्या मोठ्या प्रश्नांना मात्र डबा एकटा पुरत नाही. 'मॅकबेथमधला भास आणि वास्तव' असा प्रश्न आला की शंभर कार्डं डोक्यात असूनही पहिलं वाक्य सुचत नाही. त्यासाठी कोरा कागद. पुस्तक मिटायचं, प्रश्न वर लिहायचा, आणि घड्याळ लावून फक्त सांगाडा: आपलं म्हणणं एका वाक्यात, तीन परिच्छेदांची पहिली वाक्यं, प्रत्येकासोबत एक अवतरण. पूर्ण उत्तर रोज लिहायला वेळ कुणाला आहे? सांगाडा दहा मिनिटांत होतो.

अवतरणं निवडताना मी माझी कंजूष वृत्ती वापरते. एका ओळीने निदान तीन प्रश्न भागले पाहिजेत. चेटकिणी पहिल्याच प्रवेशात म्हणतात, 'फेअर इज फाउल, अँड फाउल इज फेअर', म्हणजे चांगलं तेच वाईट आणि वाईट तेच चांगलं. मॅकबेथ रंगमंचावर येतो पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, आणि त्याचं पहिलंच वाक्य, 'सो फाउल अँड फेअर अ डे आय हॅव नॉट सीन'. अजून त्यांना भेटलेलाही नाही आणि शब्द त्यांचेच! ही जोडी भास-वास्तवाला चालते, चेटकिणींच्या प्रभावाला चालते, आणि मॅकबेथ स्वतः किती जबाबदार या प्रश्नालाही चालते. लांबलचक स्वगतं पाठ करणाऱ्यांना नमस्कार, मी पाच-सहा शब्दांवर भागवते.

न वाचलेल्या कवितेसाठी नाव झाकून वाचायची सवय लावली. आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या होत्या, आणि त्यांनी काय काय लिहिलं त्यावरचं त्याचं पुस्तक 1929 ला आलं. ही सवय मी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसून करते. घरी शांतता नसते.

ज्याची मुळीच अपेक्षा नव्हती असा फायदा सासूबाईंकडून झाला. गणपती कापता कापता त्या विचारायच्या, "यावर काय लिहितेस?" म्हणून शार्लट ब्राँटेच्या 'जेन आयर' या कादंबरीची गोष्ट मराठीत सांगायला लागले. वरच्या मजल्यावर कोंडलेल्या बर्थापर्यंत, म्हणजे नायकाच्या वेड्या बायकोपर्यंत आले आणि त्यांनी विचारलं, "मग तिला जेवायला कोण घालतं गं?" मी अडकले. गाइडमध्ये बर्था म्हणजे दडपलेली स्त्री, जेनचंच दुसरं रूप, 1979 चं गिल्बर्ट आणि गुबार या समीक्षक जोडीचं पुस्तक, सगळं होतं. जेवण नव्हतं. पुस्तक उघडून बर्थाची राखण करणारी ग्रेस पूल शोधली. तिला पगार भरघोस मिळतो ही नोकरांची कुजबुज जेनच्या कानावर पडते, आणि तिला दारू चढली की बर्था निसटते. बर्थाच्या बाजूने लिहिलेल्या जीन ऱ्हीसच्या 1966च्या 'वाइड सारगासो सी' या कादंबरीचा तिसरा भाग ग्रेस पूलच्याच बोलण्याने सुरू होतो, हे मला कार्डावर पाठ होतं. ते तिथेच का, याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला. मोठ्या उत्तरासाठी आख्खा एक परिच्छेद मिळाला, आणि तो कुठल्याही गाइडमध्ये नाही.

आता प्रत्येक कादंबरी आधी त्यांना सांगते. जिथे "थांबा हं, बघून सांगते" म्हणावं लागतं, तिथे खूण करायची आणि त्याचं कार्ड करायचं. डब्यात काय जावं हे यातून ठरतं, गाइडच्या ठळक अक्षरांवरून नाही. देरिदा हा फ्रेंच विचारवंत सांगायचा एकदा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "मला भाजी निवडू दे." सिद्धांताचा पेपर म्हणून अजून वहीतच आहे, प्रत्येक विचारवंताला एक पान, आणि पानाच्या तळाशी तो सिद्धांत 'जेन आयर'ला लावला तर काय दिसेल याच्या दोन ओळी.

गेल्या आठवड्यात 'मिडलमार्च' सुरू केली. त्यातला पंडित कॅसोबॉन आयुष्यभर सगळ्या पुराणकथांची किल्ली शोधत टिपणं जमवत राहतो आणि ग्रंथ काही पुरा होत नाही, इथवर आले. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तोही पत्रिकाच कापत बसला होता का?"

सध्या नवीन कार्डं बंद आहेत. रोज एक सांगाडा आणि रविवारी एक पूर्ण उत्तर, हाताने, घड्याळ लावून. कापून ठेवलेले मॅट कागद मात्र बरेच उरलेत. दांडिया बाजाराच्या आसपास कुणी नेटची तयारी करत असेल तर घेऊन जा. गणपती काढलेले आहेत.