मिक्श्चर मोजतो म्हणाला आणि माझेच जेट मला विकून गेला

बामणोलीच्या घाटावर माझी एक स्पीडबोट आहे. वासोट्याला जाणारी पोरं आणि कासची फुलं बघून खाली उतरणारे पर्यटक, एवढ्यावर आमचं घर चालतं. पावसाळ्यात बोटी बंद. गेल्या दिवाळीआधी, हंगाम तोंडावर असताना मला २८,५०० रुपयांना गंडा बसला. शिवसागरावर, म्हणजे कोयनेच्या जलाशयावर, बोट चालवणाऱ्या सगळ्यांना तो कळावा म्हणून लिहितोय.

माझं इंजिन बोटीच्या आत बसवलेलं आहे, चार सिलिंडरचं, पेट्रोलचं, कार्बोरेटरवर चालणारं. एक जण निळी पेटी घेऊन आला. म्हणाला, "मालक, धुरावरून मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, मोजून देतो, तपासणी फुकट." बोटीच्या मागे जिथून धूर आणि पाणी एकत्र बाहेर पडतं, त्या नळीत त्याने सेन्सर खुपसला. पडद्यावर आकडा आला १७.२.

आकड्यांचं थोडंफार मला कळतं. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. बोट मात्र सतत लोडवर असते, फुल थ्रॉटलला १२.५ ते १३ हवं. १७ म्हणजे पेट्रोल फारच कमी. "लीन चाललंय मालक, पिस्टनला भोक पडेल." असं भोक खरंच पडतं, म्हणून मी घाबरलो. सेन्सरवर पाणी उडतंय म्हटल्यावर तो म्हणाला, "हा खास बोटीचा सेन्सर आहे, पाण्याने काही होत नाही."

हे साफ खोटं. आपल्या इंजिनात मॅनिफोल्डभोवती, म्हणजे सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळीभोवती, पाणी खेळतं आणि पुढे वळणाच्या नळीत तेच पाणी धुरात सोडलं जातं, म्हणून तर मागे रबरी नळी टिकते. सेन्सरच्या आतलं सिरॅमिक सातशे अंशांच्या वर तापलेलं असतं. त्यावर पाण्याचा थेंब पडला की तडा जातो. मग तो जे दाखवेल त्याला काही अर्थ नाही.

त्याहून मोठी खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. मी थ्रॉटल वाढवला, कमी केला, तरी आकडा १७.२ वरून हलला नाही. १७ वर चालणारं इंजिन लोड आला की अडखळतं, कार्बोरेटरमधून फटफट करतं. माझं लोण्यासारखं चालत होतं, प्लग फिकट तांबूस होते, म्हणजे मिक्श्चर बरोबर होतं. तरी मी त्या पडद्याचं ऐकलं, इंजिनाचं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

कार्बोरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे छोटे पितळी तुकडे, काढून तो गाडीत गेला आणि दोन तासांनी "नवे मोठे जेट" बसवून गेला. शेवटी पडद्यावर १२.८ दाखवले. मी रोख पैसे दिले.

आठवड्यात पेट्रोल दीडपट जायला लागलं. सुरू करताना काळा धूर, प्लगवर मऊ काजळी. डिपस्टिक काढून वास घेतला तर ऑइलला पेट्रोलचा वास. म्हणजे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत होतं. त्याच सुमारास तापोळ्याच्या एका भावाचा फोन आला, "दादा, तुझ्याकडंबी १७.२ आलं होतं का? आणि नंतर १२.८?" त्याचं इंजिन वेगळं, बोट वेगळी, आकडे मात्र तेच.

जेट काढून भिंगाखाली धरले. अंगावर जुनाच नंबर, आणि भोकाच्या कडेला पितळ ताजं चमकत होतं, ड्रिलचे ओरखडे स्पष्ट. माझेच जेट पोखरून मला विकले होते. मूळ नंबरचे जेट मागवले, ऑइल बदललं, आता इंजिन ठीक आहे. त्या माणसाचा फोन बंद आहे.

खरंच मोजायचं असेल तर सेन्सर पाणी मिसळण्याच्या आधी, हेडजवळ कोरड्या भागात लागतो. मॅनिफोल्डला दोन भिंती असतात आणि मधे पाणी, म्हणून नुसतं भोक चालत नाही, आरपार नळी वेल्ड करून घ्यावी लागते. सेन्सर वरून तिरका बसवायचा. मोजून झालं की काढून तिथे बूच लावायचं, कारण आयडलला, म्हणजे थ्रॉटल सोडून इंजिन हळू चालताना, पाणी उलटं आत ओढलं जाऊ शकतं. आणि निळी पेटी घेऊन कुणी घाटावर आलाच तर पेटी उघडल्याबरोबर सेन्सर गरम करून मोकळ्या हवेत धरायला सांगा. आकडा पार वरच्या टोकाला गेला नाही तर त्याला बोटीवर पाय ठेवू देऊ नका. आणि काढलेला प्रत्येक जेट तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच रुमालावर ठेवायला लावा.