अंडरक्विल्टसोबत एक हिवाळा: ऊब चांगली, इलास्टिक एकदम टाकाऊ

हॅमॉकखाली, म्हणजे दोन झाडांना बांधून झोपायच्या कापडी झोळीखाली, लटकवायची दुलई म्हणजे अंडरक्विल्ट. माझ्या अंडरक्विल्टचं इलास्टिक गेलं म्हणून लिहायला बसलो. नोव्हेंबरात ऑनलाइन घेतला होता, फेब्रुवारी उजाडेपर्यंत दोरी सैल पडली. विक्रेत्याला फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की इलास्टिक झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. ज्या दोरीवर अख्खी वस्तू चालते तीच वॉरंटीत नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

हॅमॉकमध्ये झोपणाऱ्याला थंडी खालून लागते. अंगावर कितीही घ्या, पाठीखालचा भराव वजनाने चेपतो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब संपते. म्हणून अंडरक्विल्ट कापडाच्या बाहेरून, खाली लटकतो. तो पाठीला टेकला पाहिजे, पण दबता कामा नये. हे माप फक्त इलास्टिक सांभाळतं. माझं सैल पडल्यावर मी आत आडवा झालो आणि भाच्याला खालून हात घालायला सांगितला. कमरेखाली त्याची चार बोटं आरामात आत गेली. तेवढ्या फटीतून वारा शिरतो आणि पहाटे तीनला जाग येते ती येतेच.

आमचा अड्डा म्हणजे रामटेकजवळ, खिंडसी तलावाकडे मित्राचं शेत. संत्र्याची झाडं बुटकी, त्यांना हॅमॉक बांधता येत नाही. बांधावरच्या आंबा-चिंचेला रुंद पट्टे लावून बांधतो. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो, थंडीला कोणी मोजत नाही. 29 डिसेंबर 2018 ला शहरात पारा 3.5 अंशांवर गेला होता. एरवीही डिसेंबर-जानेवारीत पहाटे 8-10 अंश ही नेहमीची गोष्ट, आणि तलावाकाठी वरून दव. दवासाठीच मी पिसांच्या भरावाच्या वाटेला गेलो नाही. ओला झाला की तो बसतो, शिवाय महाग. सिंथेटिक जड असतो, पण घरी धुता येतो.

डिसेंबरात कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून अंडरक्विल्ट घ्या म्हणालो असतो. चांगला ताणलेला असताना त्याने 9 अंशांतही पाठ गरम ठेवली, हे खरंच आहे. पण आता पहिल्यांदा घेणाऱ्याला मी पाठीखाली घालायचा फोम सांगतो. त्यात सैल पडायला काही नाही. फक्त तयार मॅट घेऊ नका. त्या 50-55 सेंटीमीटर रुंद असतात आणि हॅमॉकचं कापड खांद्यांना दोन्ही बाजूंनी लपेटतं, त्यामुळे खांदे उघडेच राहतात. पॅकिंगचं सामान विकणाऱ्याकडे ईपीई फोम मीटरवर मिळतो. 10 मिलीमीटर जाडीचा घ्या आणि खांद्यापाशी दोन्हीकडे पंखासारखे तुकडे जोडा. हॅमॉक दोन थरांचा असेल तर फोम थरांच्या मधे सरकवा, रात्रभर जागचा हलत नाही. एकेरी कापडात तो कूस बदलली की निसटतो. फोममधून घाम बाहेर जात नाही, त्यावर पातळ लोकरी शाल टाकली की पाठ ओली होत नाही.

वरच्या बाजूला फार पैसे घालायची गरज नाही. स्वस्त स्लीपिंग बॅगवर तापमानाचा एकच आकडा छापलेला असेल तर तो आरामाचा समजू नका. ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागते ते तापमान) आणि ‘लिमिट’ (जेमतेम निभावतं ते) असे दोन आकडे वेगळे दिलेले असतील तरच विश्वास ठेवा, आणि त्यातला कम्फर्टचा धरा. बॅगची चेन उघडून, फक्त पायाकडे बंद ठेवून ती पांघरूण म्हणून घ्या. पाठीखाली गेलेला भाग तसाही चेपतो. गाडी शेतापर्यंत जात असेल तर घरची कापसाची दुलई सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरम. पचमढीला पाठीवर वाहून न्यायची असेल तर मात्र दुलईचा विचार सोडा.

आता दुरुस्ती. नागपुरात इतवारीत शिलाईच्या सामानाच्या दुकानात 5 मिलीमीटरची गोल इलास्टिक दोरी मिळाली, दाबायच्या क्लिपांसकट. दोन प्लेट तर्री-पोह्यांच्या पैशात काम झालं. खरा संताप पुढे आला. ज्या नळीतून दोरी जाते तिची टोकं कंपनीने शिवून बंद केलेली. ब्लेडने टाके उसवले, सेफ्टी पिनेला नवी दोरी बांधून पूर्ण काठातून ओढली, जुनी बाहेर काढली तर मधे मधे तिचं रबर तुटून नुसतं विणलेलं आवरण उरलं होतं. टोकं मी आता उघडीच ठेवली आहेत. नव्या दोरीवर अंडरक्विल्ट पुन्हा पाठीला बरोबर टेकतो.

भरावाला पाच पैकी साडेचार, शिलाईला तीन, इलास्टिकला शून्य. याच किमतीतला दुसरा कुठला घेत असाल तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडे नळीच्या टोकाचा जवळून काढलेला फोटो मागा. टोक शिवलेलं दिसलं तर घेऊ नका, आणि फोटो पाठवायला टाळाटाळ केली तरी घेऊ नका.