इंटेलवरून रायझन ५ ७६०० वर: प्रोसेसर उत्तम, पहिल्या बूटला मात्र धीर धरा

इंटेलच्या जुन्या आय५ वरून येणाऱ्यासाठी एएमडीच्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरची निवड सोपी आहे. ६ कोअर, १२ थ्रेड, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, ६५ वॉट टीडीपी (कूलरने काढायच्या उष्णतेचं माप), डिस्प्ले चालवण्यापुरतं ग्राफिक्स आणि खोक्यातच कूलर. गेमिंग, कोडिंग, ऑफिसचं काम यासाठी पैसा वसूल. अडचणी येतात त्या बोर्ड, रॅम आणि पहिल्या बूटच्या वेळी.

याच्या एएम५ सॉकेटला (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) फक्त डीडीआर५ रॅम चालते, त्यामुळे जुनी डीडीआर४ रॅम बाद. इंटेलच्या बाराव्या पिढीतल्या आय५ १२४०० साठी डीडीआर४ चे बोर्ड मिळतात आणि तिथे तेवढे पैसे वाचतात, हे मान्य. पण त्याचं एलजीए१७०० सॉकेट चौदाव्या पिढीवर संपलं; पुढच्या कोअर अल्ट्रा २०० ला एलजीए१८५१ लागतं. एएमडीने एएम५ किमान २०२७ पर्यंत चालवू असं जाहीर केलंय. म्हणजे आज घेतलेल्या बी६५० चिपसेटच्या एएम५ बोर्डवर पुढे रायझनचा ७८००एक्स३डी किंवा ९००० मालिकेतला प्रोसेसर बसतो, फक्त आधी बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागतो. तो यूपीएसवरच करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या, प्रोसेसर अस्थिर करणाऱ्या व्होल्टेजच्या दोषाला घाबरून ब्रँड बदलत असाल, तर १२४०० ला तो दोष नव्हता हेही लक्षात घ्या.

रॅम १६ जीबीच्या दोनच स्टिक घ्या, ६००० एमटी (वेग), सीएल३० (प्रतिसादाचा विलंब), एक्सपो (रॅममधली तयार वेग-सेटिंग) असलेली. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. चार स्टिक लावल्या तर अधिकृत वेग ३६०० वर येतो. 'पुढे अजून दोन टाकू' हा इंटेल-डीडीआर४ चा हिशोब इथे अंगाशी येतो.

पहिल्यांदा बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डवरचा डीरॅमचा (रॅम तपासणीचा) दिवा पेटतो आणि स्क्रीन काळीच राहते. बोर्ड तेव्हा मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो. याला काही मिनिटं लागतात, कधी दहाच्या पुढेही जातात. इथेच लोक घाबरून स्विच बंद करतात, रॅम काढून परत लावतात आणि ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं हात लावू नका. त्यानंतरही काही दिसलं नाही, तर एकच स्टिक ठेवून बघा. डिस्प्ले आला की बायोसमध्ये एक्सपो चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच पळत राहते. एक्सपोनंतर पुन्हा ट्रेनिंग होतं, पुन्हा थांबा. रोजच बूटला वेळ लागत असेल तर बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवणारी सोय) चालू करा.

खोक्यातला रेथ स्टेल्थ कूलर बसवण्याआधी सॉकेटच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिक पट्ट्या, चार स्क्रू काढून, सोडवाव्या लागतात. मागची धातूची प्लेट तशीच राहू द्या, कूलरचे स्क्रू तिच्यातच जातात. ते तिरके, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला की कूलर कलतो. पेस्ट आधीच लावलेली असते. लोडखाली पंख्याचा आवाज जाणवतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात तासन्‌तास रेंडर लावणार असाल तर टॉवर कूलरच बरा. जुना इंटेलचा टॉवर वापरायचा तर तो एएम५ वर बसवायची किट आहे का ते आधी पाहा. स्वतःची बॅकप्लेट मागणारे कूलर इथे बसत नाहीत.

जुनी मशीन उघडण्याआधी विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की लिहून घ्या. जुन्या ब्रँडेड पीसीबरोबर आलेलं ओईएम लायसन्स नव्या बोर्डवर चालत नाही, वेगळं विकत घेतलेलं रिटेल चालतं. विंडोज नव्यानेच टाका, चिपसेट ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून घ्या.

या प्रोसेसरच्या दोन उण्या बाजू आहेत. मशीन नुसती चालू असताना तो इंटेलपेक्षा जास्त वीज खातो. आणि कॅमेऱ्यातलं १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (जास्त रंगमाहितीचा व्हिडिओ प्रकार) फुटेज रोज एडिट करणाऱ्यांना इंटेलचं क्विक सिंक (प्रोसेसरमधला व्हिडिओ हाताळणारा भाग) खरंच हवं असतं. त्यांनी ब्रँड बदलू नये.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही घेताना सीलबंद खोकंच मागा. ट्रे मालात (खोक्याशिवाय सुटा विकलेला प्रोसेसर) कूलर नसतो आणि एएमडीची तीन वर्षांची वॉरंटीही मिळत नाही, फार तर दुकानदाराची मिळते. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.