यूआरएलचा साचा: फॉरमॅट की टेम्प्लेट?

वेब सर्व्हिसचा पत्ता कोडमध्ये न कोरता कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये साचा म्हणून, बदलत्या भागांच्या जागी नावं घालून ठेवायचा, तर पायथनमध्ये दोन सोप्या वाटा आहेत: स्ट्रिंगची फॉरमॅट मेथड किंवा स्ट्रिंग मॉड्यूलमधला टेम्प्लेट क्लास.

फॉरमॅट महिरपी कंसातल्या नावाच्या जागी व्हॅल्यू भरतो, आणि तो ताकदवान आहे. 7 चा 007 करणं साच्यातच जमतं. पण त्याच महिरपी कंसात टिंब देऊन ऑब्जेक्टच्या अ‍ॅट्रिब्यूटपर्यंतही पोचता येतं, म्हणजे प्रोग्रामच्या आतली माहिती बाहेर पडू शकते. कॉन्फिग दुसरं कुणी लिहिणार असेल, तर हे नकोच.

टेम्प्लेट फक्त डॉलरनंतरचं नाव बदलतो. माझा कौल त्यालाच. त्यातल्या सेफ-सबस्टिट्यूटपासून मात्र लांब राहा: न मिळालेलं नाव तो मुकाट्याने तसंच सोडतो आणि अर्धवट यूआरएलवर रिक्वेस्ट जाते. साधा सबस्टिट्यूट निदान की-एरर (नाव न सापडल्याची एरर) देतो.

फाइल आयएनआय (विभाग आणि नाव-व्हॅल्यू जोड्यांची साधी टेक्स्ट फाइल) असेल, तर ती वाचणारं पायथनचं मॉड्यूल कॉन्फिगपार्सर मध्येच लुडबुडतं. त्याचं नेहमीचं इंटरपोलेशन (एका व्हॅल्यूत दुसरी आपोआप भरणं) % वर चालतं, म्हणून साच्यात %20 (यूआरएलमधली स्पेस) असलं की व्हॅल्यू वाचतानाच एरर. विस्तारित प्रकार ${} वापरतो, म्हणजे थेट टेम्प्लेटशी टक्कर. इंटरपोलेशन सरळ बंद करा.

यूआरएल एन्कोडिंग (स्पेससारखी चिन्हं %20 अशा रूपात बदलणं) फॉरमॅट आणि टेम्प्लेट दोघंही करत नाहीत. प्रत्येक व्हॅल्यू आधी हे काम करणाऱ्या पायथनच्या क्वोट फंक्शनमधून काढा, आणि त्याचा सेफ पॅरामीटर (न बदलायच्या चिन्हांची यादी) रिकामा ठेवा. नाहीतर व्हॅल्यूमधली तिरकी रेघ तशीच राहून पाथ बदलते.