वजन उतरल्यावर कपड्यांचं काय करायचं? पुण्यातल्या शनिपाराजवळच्या अल्टरवाल्या काकांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, दुकानाला नाव नाहीये. असेलही, पण पाटीवर नुसतं 'सर्व प्रकारचे अल्टर करून मिळेल' एवढंच लिहिलंय आणि काकांना विचारलं तर म्हणाले नाव कशाला, शनिपाराजवळ जिन्याखाली म्हणा, लोक येतात बरोबर. तर शनिपाराजवळ, बोळात, जिन्याखाली. दोन शिलाई मशिन, एक ओव्हरलॉक, इस्त्रीचं टेबल आणि छतापर्यंत पिशव्याच पिशव्या. पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईलच.

माझं वजन ९८ वरून ६८ वर आलंय. कसं ते इथे नको, डाएट दीक्षितांचं की दिवेकरांचं, ५५ मिनिटांत जेवतेस का, मौंजारोचं इंजेक्शन घेतलंस का, हे सगळं इतक्या जणांनी विचारून झालंय की आता मी नुसती हसते. मुद्दा कपड्यांचा आहे. वजन कसं उतरवायचं हे सांगायला शंभर लोक असतात पण उतरल्यावर कपाटाचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. मैत्रिणी म्हणतात मज्जा आहे बाई तुझी, आता शॉपिंग! अगं पण कसली मज्जा, बरा कुडता हजार-बाराशेच्या खाली मिळत नाही, अस्तराचं ब्लाऊज शिवायचं तर शिलाईच सात-आठशे, त्यात जीन्स, सलवारी, आतले कपडे, घरातले गाऊन, स्वेटर, सगळंच एकदम सैल झालेलं. हिशोब मांडला तर पोटात गोळा आला. आणि सासूबाईंचं वेगळंच, टाकू नकोस गं, राहू देत, परत लागतील! (प्रेमानेच म्हणतात हो.)

काकांकडे जायच्या आधी मी चार कुडते एका मोठ्या दुकानात दिले होते, नाव नको, तिथे अल्टर फ्री होतं. त्यांनी काय केलं तर दोन्ही बाजूंना सरळ टीप मारून दिली. कंबर बसली, पण खांदे दंडावर उतरलेले आणि बगलेत ही एवढी झोळी. आता हे का होतं ते मला काकांनी टेप लावून दाखवलं ते लिहिते कारण हे कळलं की अर्धे पैसे वाचतात. थ्री एक्सेल कुडता साधारण ४६ छातीचा असतो आणि एल ४० चा, म्हणजे सहा इंच कमी करायचेत. बाजूच्या शिलाईत चार ठिकाणी दीड-दीड इंच घेतले की सहा झाले, हिशोब बरोबर, कोणीही करेल. पण थ्री एक्सेलचा खांदाही मोठा असतो आणि मुंढाही (बाही जोडतात तो बगलेचा गोल) खोल असतो, ते बाजूच्या शिलाईने कमी होत नाहीत. त्यासाठी बाही पूर्ण उसवायची, खांदा आत कापायचा, मुंढा नव्याने काढायचा, बाहीसुद्धा दंडात बारीक करायची आणि मग परत लावायची. हे काम अर्ध्या तासाचं नाही आणि फ्रीमध्ये तर कोणीच करणार नाही.

काकांची पहिली गोष्ट जी मला आवडली ती म्हणजे पिशवी उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "वजन थांबलंय का ताई?" मी म्हटलं हो, बरेच महिने एकाच आकड्यावर आहे. "मग ठीक. उतरत असेल तर आत्ता कापायचं नाही, कच्ची टीप मारून देतो. नाहीतर सहा महिन्यांनी परत याल, मला चालेल, कापडाला नाही चालणार." ज्यांचं अजून कमी होतंय, विशेषतः ज्यांचं बेरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवायचं) ऑपरेशन झालंय त्यांनी हे लक्षात ठेवा, त्यात वजन वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं, तोपर्यंत मोजकेच कपडे आणि कच्ची टीप. माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, कापू द्यायची नाही.

दुसरी गोष्ट, ते नाही म्हणतात. मी नेलेल्या गठ्ठ्यातला जवळजवळ निम्मा त्यांनी बाजूला काढून ठेवला. एक जीन्स होती, ४० कमरेची, माझी फार लाडकी, ती ३४ करून द्या म्हटलं तर त्यांनी ती उलटी करून मागची मधली शिलाई चिमटीत धरून दाखवली. सहा इंच तिथून घेतले तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना जवळजवळ चिकटतात. म्हणाले दोन-अडीच इंचापर्यंत करतो, त्यापुढे बाजूनेही घ्यावं लागतं, मग मांडी बिघडते, सीट बिघडते, पैसे जातील आणि घालणार नाहीच तुम्ही. एवढं स्पष्ट कोण बोलतं हो, आजकाल गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून सगळे हो हो करतात. रेयॉनचे धुऊन धुऊन लेचेपेचे झालेले कुडतेही परत केले, म्हणाले हे शिलाईच्या पैशाच्या लायकीचे नाहीत आता. ते सगळे मी बोहारणीला दिले, एक स्टीलचा डबा मिळाला, आणि दोन जुन्या कॉटनच्या साड्या गोधडीला काढून ठेवल्यात.

जे ठेवले ते बघा: प्रिन्सेस कटचे कुडते (उभ्या शिलाया जास्त म्हणून चार ठिकाणी थोडं थोडं घेता येतं, आकार बिघडत नाही), मंगलगिरीचे दोन, एक खादीचा लांब, आणि ब्लाऊजं.

ब्लाऊजांवर मी दोन परिच्छेद लिहू शकते. माझ्या लग्नातल्या पैठणीचं ब्लाऊज काकांनी उलटं केलं तर आत बाजूला तीन समांतर टिपा, त्यातल्या दोन उसवलेल्या. म्हणजे वजन वाढत गेलं तशी एक एक टीप उसवत गेले होते मी इतक्या वर्षांत. एरवी रेशमी कापडावर उसवलेल्या टिपेची भोकं दिसतात पण आपल्याला आता उलट्या दिशेने जायचंय, त्यामुळे ती सगळी भोकं आत मायेत जातात, बाहेरून काहीच कळत नाही. पहिल्या टिपेवर परत आणून शिवाय अर्धा इंच आत घेऊन दिलं आणि ते इतकं छान बसलं. पण, आणि हा पण मोठा आहे, हे टक्सच्या (छातीला आकार यायला आत दुमडून घातलेल्या टिपांच्या) साध्या ब्लाऊजचं झालं. टक्सचं टोक जागेवरून सरकतं म्हणून ते उसवून परत घालावे लागले. कटोरी ब्लाऊज मात्र त्यांनी सरळ नाही सांगितलं, कटोरीचा आकारच मोठा आहे तर बाजूने घेऊन काय होणार, ते नवीनच शिवा. आणि बाहीला काठ असेल तर आधी नीट बोलून घ्या कारण दंड बारीक करताना काठावरचा मोर किंवा कमळ बरोबर शिलाईत जाऊ शकतं. माझ्या एका ब्लाऊजचा अर्धा मोर गेला. काकांनी आधी सांगितलं होतं, मीच म्हटलं जाऊ दे.

काकू गल्ल्यावर बसतात आणि त्यांनी मला एक सल्ला फुकट दिला जो कुठल्याही फॅशनवाल्याने दिला नव्हता. माप घ्यायच्या आधी ब्रा बदलून या. जुनी सैल ब्रा घालून ब्लाऊजचं माप दिलं तर ते ब्लाऊज नवीन ब्रावर कधीच बसणार नाही, टक्स खाली येतात. खरंय ते. पट्टा आणि कप दोन्ही बदलतात, जुनाच कप धरून नुसता पट्ट्याचा नंबर कमी करून घेऊ नका, नीट माप घेऊन घ्या. सगळ्यात आधी खर्च करायचा तर तिथे, बाकी सगळं नंतर.

आता त्यांची ट्रायल. ट्रायल रूम म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यात एक पडदा आणि कमरेपर्यंतचा आरसा. कुडता उलटा घालून यायला सांगतात, मग टाचण्या लावतात, मग हात वर करा, खाली वाका, आणि स्टुलावर बसायला लावतात. हे बसायला लावणं मला फार पटलं कारण उभं राहून बसणारा कपडा बसल्यावर पोटावर आवळतो. आणि मी आपली प्रत्येक वेळी 'काका थोडं सैल ठेवा' 'काका अजून थोडं सैल'. इतकी वर्षं पोट झाकायच्या हिशोबानेच कपडे घेतले, गुडघ्याखाली लांब, काळा नाहीतर नेव्ही ब्लू, वर ओढणी पसरून, त्यामुळे अंगाला कपडा लागला की मला उघड्यावर उभी आहे असं वाटायचं. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो ताई, मग अल्टरला आणलंत कशाला?" काकांनी मात्र वाद घातला नाही, एक कुडता माझ्या म्हणण्याप्रमाणे सैल आणि एक त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टाचला, दोन्ही घालून बघा म्हणाले. त्यांचाच बरोबर होता. टाइट नव्हता हो, फक्त खांदा खांद्यावर होता. माझं आता ठाम मत झालंय की खांदा आणि मुंढा जागेवर असला की बाकी कपडा सैल असला तरी माणूस नीटनेटका दिसतो. वजन उतरलं म्हणून टाइटच घालायला पाहिजे असं काही नाही, मला अजूनही आवडत नाही टाइट.

अजून एक जे लोक बोलत नाहीत. तीस किलो गेले की कातडी सैल राहते, दंडाला आणि पोटाला. त्यामुळे सगळे म्हणतात आता स्लीव्हलेस घाल, पण मला नको वाटतं, ज्याचं त्याने बघावं. काकांनी बाही कोपरापर्यंत ठेवून दंडात एक बोट जाईल इतकी सैल ठेवली, अगदी घट्ट केली तर बाहीच्या कडेवर कातडी फुगते. पातळ लोंबतं कापड अशा ठिकाणी चिकटतं, त्यापेक्षा जरा अंग असलेलं कॉटन, खादी, मंगलगिरी, खण हे बरं, ते स्वतःचा आकार धरून राहतं. पँट हाय वेस्ट. बाकी नवीन म्हणून मी फारच थोडं घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शर्ट इन करून ऑफिसला गेले. कोणी काही म्हणालं नाही, मीच दिवसभर आरशात बघत होते.

साडीचं मात्र सुख आहे, तिला काही अल्टर लागत नाही. साडी तीच साडेपाच मीटरची पण कमरेचा घेर कमी झाल्यामुळे कापड उरतं, आधी जेमतेम चार-पाच निऱ्या यायच्या त्या आता सात-आठ येतात आणि पदरही लांब सोडता येतो. गंमत म्हणजे परकरच नडतो. जुन्या घेराच्या परकराची नाडी आवळली की कमरेला सगळ्या चुण्या गोळा होतात आणि साडी नेसल्यावर टायर बांधल्यासारखं दिसतं. काका परकराची एक कळी (उभा तुकडा) काढून नेफा (नाडी ओवायची पट्टी) परत घालून देतात, स्वस्तात होतं, जरूर करून घ्या. आणि हो, बांगड्या! माझ्या २.८ च्या बांगड्या हात खाली केला की घसरून पडतात. २.८ म्हणजे दोन पूर्णांक आठ षोडशांश, अडीच इंच आतून. आता २.६ लागतात. सोन्याच्या लहान करायला सोनारच गाठावा लागेल, ते काकांचं खातं नाही.

रेट सांगते, माझ्याकडून घेतलेले. कुडता नुसता बाजूने ८० रुपये, खांदा-बाहीसकट २००, ब्लाऊज १२० ते १५०, परकर ६०, पँटची कंबर १५०. फार स्वस्त नाही पण काम बघता योग्य. ओव्हरलॉक नीट करून देतात, आतून दोरे लोंबत नाहीत.

आता तो कापलेला एक स्टार. वेळ पाळत नाहीत. गुरुवारी देतो म्हणजे पुढच्या सोमवारपर्यंत समजायचं, आणि लग्नसराईत तर विचारायलाच नको. पावती नाही, कापडाच्या चिंधीवर नाव आणि तारीख लिहून पिशवीला टाचणी लावतात, माझी पिशवी एकदा शोधून शोधून दमले होते आणि ती निघाली तिसऱ्याच गठ्ठ्याखालून. आणि फोन उचलत नाहीत, अजिबात. ज्याला घाईचं लग्नकार्य आहे त्याने तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. जीन्सची खालची घडी कमी करताना मूळची कड ठेवून देतात का विचारलं तर करतात, पण सांगावं लागतं, न सांगता साधी दुमड घालतात.

जायचं तर गाडी नेऊ नका, बोळात स्कूटीसुद्धा लावता येत नाही. मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून चालत या, नाहीतर बाबू गेनू पार्किंगला लावा. दुपारी बंद असतं, संध्याकाळी पाचनंतर काका मोकळे असतात आणि तेव्हाच ट्रायल नीट घेतात, सकाळी नुसती देवाणघेवाण. पैसे युपीआयने चालतात. कपडे धुऊन इस्त्री करून न्या, कॉटन असेल तर खासच, कारण न धुतलेलं कापड अल्टरनंतर आटलं तर काका जबाबदार नाहीत, तसं भिंतीवर खडूने लिहूनच ठेवलंय.