फोल्डिंग पेटी: खेड्यातल्या पाळकाच्या घराला परवडते का?

नगर, जालना, औरंगाबादकडच्या खेड्यांत एका ख्रिस्ती पाळकाकडे बहुधा एकच गाव नसतं. रविवारी सकाळी मुख्य गावची उपासना, दुपारी दुसऱ्या वस्तीवरची, आठवड्यात घरोघरच्या प्रार्थना, उपकारस्तुती, कुणाचं बारसं, कुणाची मयत. नेहमीची बसकी पेटी, म्हणजे हार्मोनियम, देवळात ठेवायला उत्तम, पण ती मोटरसायकलवर न्यायची म्हणजे शिक्षाच. त्यामुळे सूटकेससारखी मिटणारी पेटी घ्यायचा विचार पाळकाच्या घरात कधी ना कधी निघतोच. घ्यावी, पण ती वाजवणार कोण हे आधी ठरवून. पाळक स्वतः उपदेशात आणि प्रार्थनेत असतात. पेटीवर बसतात त्या बहुतेक वेळा पाळकीणबाई, नाहीतर मोठी मुलगी. खरेदीला मात्र पाळक आणि पंचमंडळीतले दोघे जातात आणि दुकानदार दाखवेल ती आणतात. वाजवणारीला दुकानात न्या.

माप आधी. 39 पट्ट्यांची, सव्वातीन सप्तकांची, दुहेरी सुरांची म्हणजे खर्ज-नर पेटी (प्रत्येक पट्टीला एक जाड सूर आणि एक त्याच्या वरच्या सप्तकातला) पुरेशी आहे. वजन दहा-बारा किलो भरतं. 42 पट्ट्यांची घेतली तर वरचे तीन सूर मिळतात, पण मंडळीच्या गाण्यात ते सहसा लागत नाहीत. तिहेरी सूर नकोच. मिटणाऱ्या पेटीचा लहान भाता त्यांना पुरत नाही. स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून स्वर बदलायची सोय, दुकानदार फार आग्रहाने गळ्यात मारतात. तोही टाळा. सरकणाऱ्या पट्ट्यांची यंत्रणा वजन वाढवते आणि कच्च्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पहिली तीच बिघडते. पुरुषांच्या बैठकीला पांढरी एक किंवा काळी एक, महिला मंडळाला काळी चार, मिश्र मंडळीला मधली एखादी पट्टी. या तीन पट्ट्यांतून वाजवायचा सराव केला की काम भागतं.

या पेटीची खरी कमजोरी हवा. ‘उपासना संगीता’त, म्हणजे मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात, दोन तऱ्हेची गीतं आहेत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची आणि इतर देशी चालीची अभंग-भजनं एकेका सुरावर चालतात, तिथे ही पेटी झकास साथ देते. पाश्चात्त्य चालीच्या गीतांना मात्र उजव्या हाताने तीन-तीन पट्ट्या एकदम दाबाव्या लागतात. तीन पट्ट्या, दुहेरी सूर म्हणजे सहा जिभा (हवेने कंप पावणाऱ्या पितळी पट्ट्या). त्यात कप्लर (दाबलेल्या पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारी सोय) ओढला की बारा. एवढी हवा हा भाता देत नाही, कडव्याच्या शेवटच्या लांब सुराला आवाज खाली बसतो. म्हणून अशा गीतांना कप्लर बंद ठेवा, गरज पडली तर फक्त नर उघडा. उघड्यावर ढोलकी आणि टाळ असतील तर खर्जही लागतो, पण तेव्हा पट्टी एकच दाबा. माईक एकच असेल तर तो गाणाऱ्याकडे द्या. पेटीच्या तोंडाशी लावलेल्या माईकमधून भात्याची खरखर सगळ्या वस्तीला ऐकू जाते.

दुकानात तपासणी अशी करा. सगळे स्टॉप (सुरांकडे हवा सोडणारे पुढचे खुंट) आत ढकलून भाता भरा आणि हात काढा: हवा निदान पंधरा-वीस सेकंद टिकली पाहिजे. लगेच बसली तर कुठेतरी गळती आहे, आणि ‘वापरून वापरून बसेल’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका. मग एकच स्टॉप उघडून प्रत्येक पट्टी अगदी हळू भात्यावर दाबा. सूर उशिरा बोलत असेल तर जीभ नीट बसलेली नाही. दोन्ही स्टॉप उघडून तोच सूर लांबवा. आवाजात लाट येत असेल तर खर्ज आणि नर एकमेकांशी जुळलेले नाहीत. शेवटी पेटी दहा वेळा उघडा-मिटा. वर उचललेला भाग दोन्ही बाजूंच्या खटक्यांवर घट्ट बसला पाहिजे. एक खटका जरी ढिला असला तरी ऐन भजनात पट्ट्यांचा भाग एका अंगाला खचतो. सूर (जिभा) गुजरातेतल्या नावाजलेल्या पालीताण्याचे आहेत असं प्रत्येक दुकानदार सांगतो. नावाला भुलू नका, कानाने ठरवा.

पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्टी दाबली की वर येत नाही. उन्हात वाळवायला ठेवू नका, सरस सुटतो. पत्र्याच्या देवळात दुपारभर ठेवली तरी तेच होतं. कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, फडक्यात गुंडाळून ठेवावी. एखादा सूर अडकला तर बहुतेक वेळा जिभेखाली धूळ किंवा किडा असतो. वरचं झाकण काढून पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हळूच ओढली की मोकळा होतो. सुई घालू नका. जीभ टोकाला खरवडली की सूर चढतो, बुडाला खरवडली की उतरतो, हे ऐकून घरी प्रयोग करणारे बरेच आहेत. ते काम कारागिराचं. उंदीर आणि कसर चामड्यावर आणि बनातीवर टपलेली असतात, तेव्हा नाताळच्या फेऱ्या संपल्यावर पेटी माळ्यावर टाकून विसरू नये.

नेताना सगळे स्टॉप आत, भात्याची कडी लावलेली, आणि खाली गोणपाटाची घडी. टाकीवर ठेवून मुलाला धरायला लावणं धोक्याचं आहे. मागच्या कॅरियरवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी दोन्हीकडून आवळा. नायलॉनची दोरी हादऱ्याने ढिली पडते. दर सहा महिन्यांनी आतले स्क्रू तपासून घ्या.

पैशाबद्दल एक गोष्ट आधीच मिटवा. पेटी पाळकाने स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून घेतली की मंडळीच्या दानातून, हे खरेदीच्या दिवशीच मंडळीच्या वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या, पावतीही त्याच नावाने करा. बदलीचा कागद आला की सामानाच्या टेम्पोपाशी पेटीवरून वाद होतात, आणि त्यात बोलणी खावी लागतात ती इतकी वर्षं फुकट वाजवणाऱ्या बाईंना.