पार्किन्सनच्या गोळीची क्लिनिकल ट्रायल, सहा महिने जाऊन-येऊन : पाचपैकी साडेतीन स्टार

मिक्सरचे, गाद्यांचे, वॉटर प्युरिफायरचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात पण ट्रायलमध्ये जायचं का नाही हे शोधायला बसले तेव्हा मराठीत मला काही म्हणजे काही सापडलं नव्हतं, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलचं नाव, कंपनीचं नाव, औषधाचा कोड यातलं काहीही विचारू नका, सांगणार नाही. पुण्यातलं मोठं हॉस्पिटल होतं एवढं पुरे.

बाबा ७१ वर्षांचे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते, साताऱ्यात रिटायर झाले. पार्किन्सन म्हणजे कंपवात निघाल्याला नऊ वर्षं झाली. पहिली चार-पाच वर्षं सिंडोपावर (लेव्होडोपाची नेहमीची गोळी) मस्त चालली, मग ते ऑन-ऑफ सुरू झालं. ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी : गोळी लागू पडली की माणूस चालतो, बोलतो, शर्टाची बटणं लावतो, तो ऑन. दोन-तीन तासांनी गोळीचा जोर उतरला की पाय जमिनीला चिकटतात, हात ताठ, तोंडातून आवाज निघत नाही, तो ऑफ. बाबा म्हणायचे गाडी बंद पडली. आमची ट्रायल या ऑफवरचीच होती, म्हणजे नेहमीची लेव्होडोपा चालूच ठेवायची आणि सोबत एक नवीन गोळी, तिनं ऑफचा वेळ कमी होतो का ते बघायचं. रोग बरा करणारी ट्रायल नाही ही. हे आमच्या निम्म्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही, प्रत्येक फोनला "काय मग, फरक पडला का, बरे झाले का".

सुरुवात कन्सेंटपासून, म्हणजे संमतीपत्रापासून. २६ पानं, मराठीत. आता मराठी म्हणायचं म्हणून, पण भाषांतर कुणी केलंय देव जाणे, पेशंटला सगळीकडे "विषय" म्हटलेलं. "विषयाने भेटीच्या आदल्या रात्री औषध घेऊ नये." बाबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, मी विषय कुठला, गणित का भूगोल? पण त्यांनी ती सगळी पानं पेन्सिलीनं खुणा करत वाचली, दीड तास लागला, आणि ट्रायलचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मुलीनं एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. याचा एक अख्खा स्टार देते. औषधामुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि वर भरपाई हे ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांत आहे, ते कन्सेंटमध्ये लिहिलेलं आहे का ते शोधा, आणि ट्रायलचा सीटीआरआय नंबर मागून घ्या. सीटीआरआय म्हणजे ट्रायल नोंदवायचं सरकारी रजिस्टर, २००७ ला सुरू झालं आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. मी घरी येऊन नंबर टाकून बघितला, आमची ट्रायल होती त्यात, कुठल्या कुठल्या शहरात चालू आहे तेही होतं. नंबर देताना कुणी टाळाटाळ केली तर सरळ उठा.

आता सगळ्यात वाईट भाग आधी सांगून टाकते. ऑफ व्हिजिट. डॉक्टरांना पेशंट गोळीशिवाय कसा आहे ते बघायचं असतं म्हणून आदल्या रात्री नंतर गोळी नाही, साधारण बारा तास उपाशी, औषधानं उपाशी म्हणजे, आणि सकाळी साडेनऊला हजर. सातारा ते पुणे. पहिल्या वेळी आम्ही पहाटे साडेपाचला भाड्याची गाडी करून निघालो, बाबांना मी आणि भावानं कपाटासारखं उचलून सीटवर ठेवलं, खंबाटकीत ट्रक बंद पडलेला, खेड शिवापूरच्या टोलनाक्याला रांग, आणि मागे बाबा एका कुशीवर कलंडलेले, सरळ करा एवढंही सांगता येत नव्हतं त्यांना, आरशात दिसलं म्हणून कळलं. हॉस्पिटलच्या रिसेप्शनला व्हीलचेअरसाठी वीस मिनिटं. ट्रायल पार्किन्सनची, व्हिजिट ऑफमधली, म्हणजे येणारा माणूस चालू शकणार नाही हे तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, मग खुर्ची दारात का नाही? प्रवासखर्च मिळतो, पण ठरलेली रक्कम, त्यात साताऱ्याहून भाड्याची गाडी बसत नाही आणि मुक्कामाचं काही नाही. पुढच्या वेळेपासून आदल्या संध्याकाळी सिंहगड रोडला आत्याकडे जाऊन राहायला लागलो. ज्यांची पुण्यात आत्या नाही त्यांनी काय करायचं? कोल्हापूरचे एक काका भेटायचे तिथं, ते दोन व्हिजिटनंतर दिसलेच नाहीत.

तपासणी मात्र बघण्यासारखी. अंगठा आणि तर्जनी टकटक आपटा, मूठ उघडा-मिटा, पायाचा पंजा आपटा, हाताची घडी घालून खुर्चीतून उठा, पॅसेजमध्ये चालून वळून या. मग डॉक्टर मागे उभे राहून खांदे मागे खेचतात, तोल सांभाळता येतो का बघायला, आणि प्रत्येक गोष्टीला शून्य ते चार मार्क. नऊ वर्षांत आमच्या रेग्युलर ओपीडीत एवढ्या नीट कुणी बाबांना बघितलेलं नव्हतं, तिथं पाच मिनिटं मिळतात, त्यातली दोन फाइल शोधण्यात. इथं प्रत्येक वेळी तासभर, ईसीजी, रक्त, सगळं फुकट.

पण खरा माल म्हणजे डायरी. प्रत्येक व्हिजिटच्या आधीचे तीन दिवस, चोवीस तासांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, आणि प्रत्येकात एकच खूण करायची : झोप, ऑफ, ऑन, ऑन पण अंग डोलतंय पण त्रास नाही, ऑन आणि अंग डोलण्याचा त्रास होतोय. शेवटचे दोन वेगळे का, तर ऑफ कमी करणाऱ्या औषधानं वेड्यावाकड्या हालचाली वाढू शकतात, मग नुसता ऑन वाढला म्हणून खूश होऊन उपयोग नाही. ती भरायची कशी याची शिकवणीसुद्धा झाली, बाबा आणि कोऑर्डिनेटर शेजारी बसून वेगवेगळी भरणार आणि मग जुळतंय का बघणार. इतर पेशंट कंटाळायचे. बाबांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा लिहिल्यात, त्यांना हे म्हणजे परत ड्युटी मिळाल्यासारखं झालं. तीन दिवसांचं बंधन असताना त्यांनी घरी जुन्या वहीत रोजचं लिहायला घेतलं. "१.४० सुटली. ४.०५ बंद, बसस्टँड नाही, बाथरूमच्या दारात."

आणि त्या वहीत दिसलं. दुपारचा ऑफ रोज एकाच वेळी येत नाही. ज्या दिवशी मटकीची उसळ किंवा जाड वरण झालं त्या दिवशी दोनची गोळी लागूच पडायची नाही, भात-भाजी असली की पडायची. प्रोटीन आणि लेव्होडोपा पोटातून आत जायला एकाच दारात भांडतात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, हे पुस्तकी ज्ञान आहे आणि आम्हाला नऊ वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं किंवा सांगितलं असेल आणि त्या पाच मिनिटांत ऐकू आलं नसेल. गंमत म्हणजे ट्रायल चालू असताना जुन्या गोळीचं वेळापत्रक बदलता येत नाही, नाहीतर फरक पडला तर श्रेय कुठल्या गोळीचं ते कळणार नाही. मग आम्ही जेवण हलवू का म्हणून विचारलं, तर तेही नको, आहे तसं चालू द्या. म्हणजे आजाराची किल्ली हातात आणि कुलूप सहा महिने उघडू नका. डोक्याने पटलं, मनाला नाही.

वासुदेव काका (नाव बदललंय) खाजकुइलीची पावडर घेऊन आले तोही किस्सा सांगते. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही." मी कोऑर्डिनेटरला फोन केला तर ती म्हणाली अजिबात नको, आणि चुकून घेतली असेल तर आजच सांगा. कारण खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतं, तेच औषध, मद्रासच्या दोघा शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच ते वेगळं काढलं होतं. मुंबईच्या डॉ. वैद्य यांच्या गटानं १९७८ मध्ये पार्किन्सनवर तिचा अनुभव छापलाय, आणि १९९५ मध्ये ६० पेशंटवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला. म्हणजे काका खोटं बोलत नव्हते, पण गोळीच्या वर आणखी गोळी, तीही चमच्यानं मोजलेली. पावडर फडताळात गेली.

आता तुमचा प्रश्न, गोळी लागू पडली का. माहीत नाही. डबल ब्लाइंड आहे, खरी गोळी की नुसती खडूची हे आम्हाला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. पहिल्या महिन्यात बाबा अंगणात तुळशीपर्यंत काठीशिवाय गेले आणि आईनं साखर वाटली. मी रात्री वाचत बसले. २००१ साली व्हँकुव्हरच्या लोकांनी स्कॅन करून दाखवलं की पार्किन्सनच्या पेशंटला नुसतं सलाइनचं पाणी टोचलं, औषध समजून, तरी मेंदूत डोपामिन, म्हणजे पार्किन्सनमध्ये कमी पडणारं रसायन, सुटतं. २०१५ चा एक अभ्यास तर भारीच, १२ जणांना दोनदा साधं पाणी टोचलं, एकदा सांगितलं १०० डॉलरचं आहे, एकदा सांगितलं १५०० चं, आणि १५०० वाल्यानं जास्त फरक पडला. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले शिवनेरीचं तिकीट काढलं की रस्ताही गुळगुळीत लागतो, मला ड्युटीवर असल्यापासून माहीत आहे.

आणि खऱ्या औषधानं तरी किती फरक पडतो? साफिनामाइड या ऑफ कमी करायच्या गोळीची ट्रायल बघा, त्यात भारतातले पुष्कळ पेशंट होते, पेपरवर पहिलं नाव हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलचे रूपम बोरगोहाईं यांचं, २०१४ ला छापलाय. ६६९ पेशंट, २४ आठवडे. गोळीवाल्यांचा चांगला ऑन (अंग डोलण्याचा त्रास नसलेला) दिवसाला साधारण १.३७ तासांनी वाढला, आणि खोट्या गोळीवाल्यांचा ०.९७ तासांनी. वजाबाकी करा, २४ मिनिटं. मी वैतागून म्हटलं, एवढी सगळी उठाठेव २४ मिनिटांसाठी? तर बाबा उसळलेच, त्यांच्या त्या बारीक आवाजात. गाडी २४ मिनिटं लेट झाली की पब्लिक कंट्रोलरला खायला उठतं, आणि तुला माझी २४ मिनिटं कमी वाटतात होय? २४ मिनिटांत माझी आंघोळ होते. मी गप्प.

शेवटच्या व्हिजिटला उरलेल्या गोळ्या मोजून परत घेतल्या, रिकामी पाकिटंसुद्धा, डायऱ्या घेतल्या, थँक्यू म्हणाले आणि संपलं. गोळी बंद. आमच्या ट्रायलमध्ये पुढे औषध चालू ठेवायची सोय नव्हती, काही ट्रायलमध्ये असते, आधी विचारा, आम्ही विचारलं नव्हतं. रिझल्ट कधी कळणार, तर "पब्लिश झाल्यावर". बाबांना कुठली गोळी होती ते कळवू म्हणालेत, आठ महिने झाले, अजून कळवलं नाही. अर्धा स्टार इथंच कापला, एक स्टार त्या व्हीलचेअरचा आणि खंबाटकीचा.

उसळ रात्रीवर गेली, दुपारची गोळी सव्वाला, जेवण दोनला, नेहमीच्या डॉक्टरांना वही दाखवून केलं हे, मनानं नाही. वहीच्या हिशोबानं दुपारचा ऑफ पाऊण तासानं तरी कमी झालाय. पुण्याला पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथल्या लोकांनाही बाबांनी वही दाखवली, आता दोघं-तिघं तसंच लिहितात.

मागच्या आठवड्यात त्याच कोऑर्डिनेटरचा फोन आला, दुसरी ट्रायल सुरू होतेय, बाबा येतील का. मी स्पीकरवर टाकला. बाबांनी एकच विचारलं, सकाळची गोळी घेऊन यायचं का न घेता? ती म्हणाली, न घेता. तर म्हणाले, मग मुक्कामाची सोय आणि खुर्ची दारात, हे लेखी द्या, नाहीतर गाडी डेपोतून सुटणार नाही. विचारून सांगते म्हणालीय.